तांदळाएवढे टाके

४ जानेवारी
दामले बाई आज पुन्हा गाडीतळावर आल्या, माझ्या टपरीवर. कोथरूडला राहतात, कॉलेजात इतिहास शिकवतात. जुन्या पादत्राणांचं प्रदर्शन भरवताहेत. इजिप्तमध्ये कॉप्ट म्हणून जुने ख्रिस्ती लोक आहेत, त्यांच्यातल्या कुणा बाईचा हजारेक वर्षांपूर्वीचा बूट. एकच पाय उरलाय, तोही परदेशातल्या संग्रहालयात. फोटोवरून तसाच करून द्यायचा. बकऱ्याचं कातडं, लाल. सोनेरी नक्षी त्या दुसरीकडून काढून घेणार. शिवण माझी.
संग्रहालयाने काढलेलं चित्रही दिलं. त्यात टाके बाहेरून, तळाच्या कडेकडेने.
चित्र चुकलंय. बोललो नाही. सहावी शिकलेल्याने काय बोलायचं.

५ जानेवारी
दिवसभर फोटोच बघत बसलो. एका गिऱ्हाइकाच्या चपलेला भलतीकडेच खिळा मारला. तो ओरडला, मीही ओरडलो.
वरच्या काठाचे टाके तिळाएवढे. तळाचे तांदळाएवढे. एका हाताचे नाहीत. शिवाय बोटांपाशी कातडं आत वळून गेलंय, कापलेली कड दिसत नाही. म्हणजे बूट आतली बाजू बाहेर ठेवून शिवलाय आणि मग मोजा उलटवतात तसा उलटवून सरळ केलाय. अशा बुटाचे टाके आत राहतात. बाहेरचे मोठे टाके नंतरचे. तळ झिजला, कुणीतरी त्यावर दुसरा तळ चढवला. भोकं पाडायची आरी आत चालत नाही म्हणून बाहेरून शिवला.
मी पन्नास वर्षं हेच करतोय. मला दिसणार नाही?

७ जानेवारी
बाईंना सांगितलं. हसल्या. "काका, तुम्ही दुरुस्तीवाले. तुम्हाला सगळीकडे दुरुस्तीच दिसणार."
पाटीवर तेच लिहिलंय खरं, चप्पल-बूट दुरुस्ती. बापाजवळ बसून बारा वर्षं नवा जोडा शिवला, ते कुठल्या पाटीवर लिहू? मशीनचे बूट आले म्हणून दुरुस्तीला बसलो. हौस म्हणून नाही.
जाताना म्हणाल्या, "चित्राप्रमाणेच करा हं. बुटाशेजारी ठेवायचं कार्ड लिहून तयार आहे. खाली तुमचं नाव टाकलंय."
खोट्या शिवणीखाली माझं नाव. पोरासोरांना दाखवणार.

८ जानेवारी
महेशचा हिंजवडीहून फोन. त्याला सगळं सांगितलं. "बाबा, सांगितलंय तसं डिलिव्हर करा ना. क्लायंट आहेत त्या."
फोन ठेवून दिला. बीपीची गोळी घेतली की नाही, आठवत नाही.

११ जानेवारी
मी माझ्याच पद्धतीने करणार. चूक निघाली तर निघाली.
आज शिवून उलटवायला घेतला. टाच आत घातली, चवडा ओढला, फाटला. कातडं पुरतं भिजलं नव्हतं. एवढं साधं विसरलो. बापाने कानाखाली दिली असती.

१३ जानेवारी
दुसरा. सकाळपासून ओल्या फडक्यात ठेवलेला. चवड्यापर्यंत आला, मग अडला. सुमनचं लाटणं आत घालून हळूहळू रेटला. सरळ झाला. टाके आत, बाहेर नुसती एक घडी. फोटोत आहे अगदी तशी.
सुमन दारात उभी. "लाटणं धुऊन ठेवा. की आता पोळ्याही कातड्याच्या खायच्या?"


१४ जानेवारी
आता तळ झिजायला हवा. झिजल्याशिवाय दुसरा तळ चढवून दाखवणार कसा? माप बायकी. सुमनला म्हटलं, घालून फिर.
"एकच?"
"एकच आहे."
"लोक काय म्हणतील?"
"म्हणू देत."
एका पायात लाल बूट, एका पायात रबरी चप्पल, अशी गेली दूध आणायला. शेजारची विचारत होती, पाय मुरगळला का. सुमन म्हणाली, "नाही, नवरा."

२४ जानेवारी
दहा दिवस फिरली बिचारी. अंगठ्याखाली तळ पातळ झाला. उरलेलं पायरीवर घासलं. ही थोडी लबाडी झाली. सतावतंय. लिहून ठेवतो.
मग दुसरा तळ चढवला. मुद्दाम फोटो बघितला नाही. हात जातील तसे जाऊ दिले. झाल्यावर शेजारी धरला. तांदळाएवढेच टाके. अंतरही तेवढंच.

२७ जानेवारी
कोथरूडला नेऊन टेबलावर ठेवला. बाई बराच वेळ बघत होत्या. भिंग काढलं.
"काका, हे मी संग्रहालयाला कळवते." 
दुरुस्तीवाले म्हणाल्या होत्या, त्याबद्दल एक अक्षर नाही. चहा पाजला. मी अर्धाच प्यायलो.

२ फेब्रुवारी
उत्तर नाही. साहेब लोक वाचून हसत असतील. टपरीवर जो येतो त्याच्यावर खेकसतोय. नसेल माझं खरं. फोटोवरून माणूस किती सांगणार. हे आधी सुचायला हवं होतं.

९ फेब्रुवारी
बाईंचा फोन. उत्तर आलंय. तिथला माणूस म्हणतो, असू शकतं. खात्री करायची तर वरचा तळ सोडवून खालची शिवण बघावी लागेल. ते तयार आहेत. कुठून उसवायचं ते तुमच्या कारागिराला विचारा, असं लिहिलंय.
कारागीर. बाईंनी तो शब्द दोनदा वाचून दाखवला.
"उसवता येईल ना काका?"
"येईल. टाचेकडून घ्यायचं. पण टाके कापावे लागतील. ती भोकं इतकी जुनी, पुन्हा दोरा धरायची नाहीत."
"मग कळवू, उसवा म्हणून?"
ज्याने तो तळ चढवला त्याचं नाव गाव कुणाला ठाऊक नाही. त्याचं एवढंच काम उरलंय. तो होता हे पटवायला तेच कापायचं. आणि कापून खाली काहीच निघालं नाही तर?
न कापावं तर कार्डावर चित्रातलीच शिवण राहणार. खाली माझं नाव.
"उद्या सांगतो," म्हणालो.
"शुक्रवारी उद्घाटन आहे काका," बाई म्हणाल्या. "आज सोमवार."