चार भोकं

गुरुवार, संध्याकाळ. गोवा.

मागल्या साली आमच्या कारखान्यात केलेली मासेमारीची होडी आज परत आली. दोर बांधायचा खुंटा हलतोय म्हणून. बोल्ट काढला तर काळं पाणी आलं, कुजक्या लाकडाचा वास आला. फायबरच्या आतलं प्लायवूड पार भिजलेलं.

खुंट्याच्या बोल्टांची ती चार भोकं म्याच पाडलेली. गावाकडनं, विंझरवरनं आईचा फोन आला, वडील, तात्या गेले, तवा ड्रिल माझ्याच हातात होतं. भोक मोठं पाडायचं, इपॉक्सीच्या चिकट राळेनं भरायचं, ते कडक झालं की मधून बोल्टाचं भोक पाडायचं. म्हंजे पाणी लाकडाला लागत न्हाई. हे मला पाठ हाय. पण त्या दिवशी म्या नुसते बोल्ट आवळले अन् पळालो. तरी पोचलो तवा चिता विझत आली होती. मग कशाला एवढी घाई केली? अजून हाताला तो कुजका वास येतोय.

कारखान्याचे मिस्त्री दुसऱ्याच कारागिराला शिव्या घालत होते. म्हणालो, "मिस्त्री, ते काम माझं हाय."

त्यांनी पाना माझ्या हातात दिला. "मग तूच खोल. वाळवून, भरून द्यायला आठ दिवस लागतील. सुट्टी न्हाई."

रविवारी तात्यांचं वर्षश्राद्ध. एकुलता पोरगा मी. गप बसलो असतो तर जाता आलं असतं. पण त्या खुंट्याच्या भरवशावर माणसं समुद्रात जातात.

आईला फोन केला. "आई, मला यायला जमत न्हाई."

ती म्हणाली, "बरं. पिंडाला तुझ्या चुलत्याला बसवते."

व्हय म्हणालो.