मत दिलं, हजेरी लागली

सोमवार, ५ जानेवारी

डिपार्टमेंटच्या हेडनी केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले, चहा विचारला. तेव्हाच ओळखलं, बातमी वाईट आहे.

फेब्रुवारीच्या मध्यापासून फर्स्ट इयरचं फिजिक्स व्हिडिओवर जाणार म्हणे. व्हिडिओ नवीन मॅडम करणार. मोठा हॉल परीक्षांसाठी राखीव. आणि मी? मला स्टोअररूम. भिंगं पुसा, लंबक मोजा.

कारण विचारलं. तर म्हणे, तुमच्या लेक्चरला तीनशे पोरं मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसतात. मी म्हटलं, नोट्स घेत असतील. हेडनी महिनाभर मुदत दिली. पोरं लेक्चरमध्ये भाग घेतात हे दाखवा, हॉल तुमचा.

इथे कोणी वाचणार नाही म्हणून लिहितो. त्या हॉलमध्ये माइक हातात घेऊन उभा राहिलो की मी कोणीतरी आहे असं वाटतं. घरी असं वाटायची सोय नाही.

हॉल सोडणार नाही. विषय संपला.

मंगळवार, ६ जानेवारी

मार्ग सापडला. ज्या मोबाइलने घात केला, तोच कामाला लावायचा. लाइव्ह व्होटिंग! पडद्यावर प्रश्न, पोरांच्या हातात मोबाइल, क्षणात मतं, वर रंगीत खांब. एक अ‍ॅप आहे, फुकट. कन्येने दहा मिनिटांत शिकवलं. (मला पाचच लागली असती, ती मध्येमध्ये हसत होती.)

हिला सगळं समजावून सांगितलं. ही म्हणाली, आधी घरच्या मोबाइलचं बिल भरा.

संकल्प: रोज तीन प्रश्न. चिडायचं नाही. तंत्रज्ञानाला घाबरायचं नाही.

गुरुवार, ८ जानेवारी

पहिला प्रयोग. एकंदरीत यशस्वी.

प्रश्न भन्नाट होता. धावत्या ट्रकच्या काचेवर डास आपटला. कोणाचा धक्का मोठा, ट्रकचा की डासाचा? (दोघांचा सारखाच. इथे भलेभले आडवे होतात.) मतं देताना प्रत्येकाने नाव टाकायचं होतं. पडद्यावर नावं झळकू लागली. बटाटा. झोपलेला अणू. डासाची आई. आणि 'सरांचा जावई'. हॉल दणाणून गेला. इतका प्रतिसाद मला आजवर मिळालेला नाही.

एकच बारीक अडचण. माझा फोन पडद्याला जोडलेला होता. ऐन मतमोजणीत हिचा मेसेज आला, तीनशे पोरांसमोर, हाताएवढ्या अक्षरांत: 'पोट साफ झालं का?' पोरांनी लगेच त्यावरही मतदान घ्या म्हणून आरडाओरडा केला. म्हणजे पद्धत त्यांना पटली.

शुक्रवार, ९ जानेवारी

हिला लेक्चरच्या वेळेत मेसेज करू नकोस असं सांगितलं. ही म्हणाली, अहो, काळजी वाटली म्हणून विचारलं, यापुढे मेलात तरी विचारणार नाही. दिवसभर अबोला. माझ्या कामाला सोयीचंच झालं.

कन्येला 'सरांचा जावई' सांगितलं. हसून हसून लोळली. यात हसण्यासारखं काय आहे?

सोमवार, १२ जानेवारी

पडद्याला आता फोन नाही, कॉलेजचा लॅपटॉप. नावं बंद. आता फक्त रोल नंबर. त्यामुळे की काय, आज मतं जेमतेम निम्म्या पोरांची. बाकीचे लाजले असावेत.

पण रात्री अंथरुणात पडल्या पडल्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. रोल नंबर तर आहेतच. मग मत हीच हजेरी! ज्याने मत दिलं तो हजर. हजेरी घेण्यात रोज जातात ती दहा मिनिटं वाचली आणि मतंही शंभर टक्के. सगळ्या जगात हे अजून कोणाला सुचलेलं नसणार.

गुरुवार, १५ जानेवारी

नियम जाहीर केला: मत दिलं की हजेरी लागली. टाळ्या. उभं राहून टाळ्या. मागच्या बाकावर कायम हुडी घालून झोपणारा एक महाभाग आहे, तोसुद्धा जागा होऊन टाळ्या वाजवत होता. विद्यार्थ्यांना शिस्त आवडते, फक्त ती नीट मांडावी लागते.

सोमवार, १९ जानेवारी

मतं: जवळपास सगळ्यांची. सत्त्याण्णव टक्के!

हॉल जरा मोकळा वाटला. थंडी आहे. पोरं मागे पांगून बसतात, आणि मागचे दोन दिवे गेलेले आहेत, त्यामुळे गर्दी दिसत नाही.

गुरुवार, २२ जानेवारी

मतं अठ्ठ्याण्णव टक्के. उत्तरं बरोबर, पंच्याण्णव टक्के. मी प्रश्न पूर्ण वाचायच्या आत उत्तरं येतात. इतकी चलाख बॅच माझ्या हाताखालून गेलेली नाही.

हॉलमधला आवाज मात्र घुमतो हल्ली. माइकवाल्याला सांगायला हवं.

स्टाफरूममध्ये आकडे सहज बोलता बोलता सांगितले. दोनदा. नवीन मॅडमनी अभिनंदन केलं आणि विचारलं, "सर, पण पोरं येतात ना?" बघा. पोटात दुखायला लागलं. मी शांतपणे म्हटलं, मतं कोण देतं मग, भुतं?

गुरुवार, २९ जानेवारी

आजचा प्रसंग सोन्याच्या अक्षरांत लिहावा असा. गडबडीत पुढच्या आठवड्यातला प्रश्न पडद्यावर गेला. विषय मी शिकवलेलाच नाही. म्हटलं, झाली फजिती. तर शहाण्णव टक्के बरोबर!

म्हणजे आता त्यांना मी शिकवण्याच्या आधीच कळू लागलंय. शिक्षकाला आणखी काय हवं?

जेवताना हे सांगितलं. कन्येने ताटातून मान वर केली आणि म्हणाली, "बाबा, एक जण हॉलमध्ये बसतो. तो पडद्यावरचा कोड आणि उत्तर ग्रुपवर टाकतो. बाकीचे पांघरुणातून बटण दाबतात. आम्हीपण तेच करतो."

तिच्या कॉलेजची गोष्ट वेगळी. तिथे शिकवणारे वेगळे आहेत. आणि 'आम्हीपण' म्हणजे काय, हे हिने तिला विचारलं, त्यावरून घरात जे सुरू झालं त्यात माझा मुद्दा बाजूलाच राहिला.

सोमवार, २ फेब्रुवारी

हेडना स्वतः जाऊन आमंत्रण दिलं. गुरुवारी या, डोळ्यांनी बघा. आकड्यांचा रंगीत तक्ता टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा लावून पाहिला. भुवया वर गेल्या. हॉल वाचला, असं समजायला हरकत नाही.

नवीन मॅडम व्हरांड्यात भेटल्या. बिचाऱ्या कॅमेऱ्याचा स्टँड घेऊन चालल्या होत्या. मी दार उघडून धरलं. मोठेपणा घ्यायचा नसतो.

बुधवार, ४ फेब्रुवारी

उद्याची तयारी. इस्त्रीचा शर्ट. पॉलिश. हिने टाय बांधून ठेवला आणि म्हणाली, फार बोलू नका, हॉलकडे एकदा नीट बघून घ्या आधी. मला हॉल दाखवते आहे! चोवीस वर्षं उभा आहे मी तिथे.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

सविस्तर लिहितो. नंतर आठवण राहावी म्हणून.

हेड मागच्या बाकावर, हुडीवाल्याच्या शेजारी बसले. मी पोरांकडे फारसं बघत नाही, माझं लक्ष पडद्यावर असतं. तीन प्रश्न झाले. खांब छताला भिडले. हेडनी हात वर केला आणि म्हणाले, माझाही एक प्रश्न टाका. या विषयाचं लेक्चर हॉलमध्ये हवं की व्हिडिओवर?

मी क्षणभरही डगमगलो नाही. टाकला.

हॉलमध्ये: अठ्ठ्याण्णव टक्के. व्हिडिओवर: दोन.

खरं सांगतो, पाणी आलं डोळ्यांत. माइकवर म्हणालो की चोवीस वर्षांच्या कष्टांचं चीज झालं. कोणीच टाळ्या वाजवल्या नाहीत. आवाज नुसताच घुमला.

हेड पायऱ्या उतरत खाली आले. येताना बाकाबाकावर थांबून एकेकाला विचारत होते, तू कसा आलास. हुडीवाला म्हणाला, होस्टेलला नेट नाही सर, इथे चांगलं येतं. दोघं फोन चार्ज करायला आले होते. एक पहिल्या रांगेतली मुलगी, जिच्याकडे बघून मी आज शिकवत होतो, ती उभी राहून अगदी नम्रपणे म्हणाली, "सर, आज उत्तरं टाकायचा माझा टर्न आहे."

तेव्हा मी हॉलकडे बघितलं. वीसएक डोकी. पांगलेलीसुद्धा नाहीत, चार्जिंगच्या बोर्डांजवळ दाटीवाटीने बसलेली.

हेड माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, "मतं खूप आहेत, सर. माणसं कुठे आहेत?"

मी म्हटलं, थंडी आहे.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

निर्णय झाला. व्हिडिओ, नवीन मॅडम, स्टोअररूम. हेडचं म्हणणं असं की घरबसल्या मत देणं पोरांना जमतंच आहे, ते तुम्हीच सिद्ध केलंत. म्हणजे माझ्याच प्रयोगाच्या जोरावर. मॅडमच्या व्हिडिओत मध्येमध्ये प्रश्न घालायचे आहेत, ते मी करून द्यायचे. 'प्रश्नांचा सल्लागार' असा उल्लेख व्हिडिओच्या शेवटी करणार आहेत. बारीक अक्षरांत असणार, पण असणार.

पोरांनी हॉललाच मत दिलं, हे मी हेडना तीनदा सांगितलं. तेही तीनदा हो म्हणाले. आठ वाजताचं लेक्चर हॉलमध्येच राहिलं तर हजेरी पांघरुणातून लागते, व्हिडिओ आला की हजेरीऐवजी परीक्षा द्यावी लागेल, म्हणून मतं पडली, असं ते म्हणाले. इतका कडवटपणा बरा नव्हे.

हिला सांगितलं. ही काही टोमणा मारेल म्हणून तयारीत होतो. ही माझ्या शेजारी येऊन बसली आणि चहा विचारला. ते जास्त लागलं.

सोमवार, ९ फेब्रुवारी

गुरुवारी हॉलमधलं शेवटचं लेक्चर. वर्गाला मेसेज टाकला: शेवटचा दिवस आहे, या. मनापासून या. हजेरीसाठी नको.

कन्येला दाखवला. ती म्हणाली, बाबा, शेवटची ओळ काढ. मी काढली नाही. मुलांच्या भावना तिला कळत नाहीत.

भाषणाची तयारी केली. डोळे भरून आल्यास थांबायच्या जागांवर खुणा केल्या.

गुरुवार, १२ फेब्रुवारी, सकाळी ८.१०

हॉलमध्ये कोणी नाही. हुडीवालाही नाही. होस्टेलला नेट आलं असावं.

८.२०

कोणी नाही. भाषण राहू दे. सवयीने पडदा लावला. सवयीने प्रश्न टाकला. कोड कळवायला हॉलमध्ये कोणी नव्हतं, म्हणून तो मीच वर्गाला मेसेज केला. पण आज डासाचा नाही. हेडनी मला विचारलं होतं, माणसं कुठे आहेत; तेच पोरांना विचारलं: तुम्ही आत्ता कुठे आहात? अ, हॉलमध्ये. ब, इतरत्र.

मतं यायला लागली. भराभर. मी कट्ट्यावर बसून बघत होतो. अ चा खांब वर वर जात छताला टेकला. दोनशे ऐंशीच्या वर पोरं. सगळी हॉलमध्ये. ब मध्ये एकही नाही.

समोर रिकामे बाक. मला हसू आलं, मग आलं नाही.

८.४०

निघता निघता म्हटलं, शेवटचं मत आपणही द्यावं. निदान एक तरी खरं असू दे. खिशातून फोन काढला, रोल नंबराच्या जागी शून्य टाकलं. चष्मा घरी राहिला होता, बटणं बारीक. दाबलं.

पडद्यावर ब चा खांब हलला. एक मत.

म्हणजे हिशेबाप्रमाणे आज अख्खा वर्ग हॉलमध्ये होता आणि मी तेवढा नव्हतो. दुरुस्त करायला गेलो. एकदा दिलेलं मत बदलता येत नाही, असं अ‍ॅप म्हणालं. तो नियम मीच लावला होता.