पैठणहून सोडलेली कबुतरं

३ नोव्हेंबर

सकाळी कबुतरांची ढाबळ झाडली. दोन घमेली घाण निघाली. गच्चीवरून खाली आणेपर्यंत कंबर गेली. पंचवीस कबुतरं आणि एक नवरा, सगळ्यांचं मलाच काढावं लागतं. हे लिहिताना लाज वाटली, पण खोडणार नाय.

ऑगस्टात ह्यांचं उजवं अंग गेलं. बोलणंही तुटलं. पाणी मागायचं तर "पा" एवढंच येतं. पण हात गेल्याचं ह्यांना एवढं वाटत नाय, जेवढं कबुतरांना शिट्टी घालता येत नाय ह्याचं वाटतं.

दुपारी शिवराजचा पुण्याहून फोन. "आई, विकून टाक ती कबुतरं. कशाला जीव काढतीस?" फोनचा आवाज मोठा होता. ह्यांनी ऐकलं आणि रडायला लागले. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पहिल्यांदा बघितलं रडताना. माझी आई गेली त्या दिवशी हे शर्यतीची कबुतरं सोडायला नगरला गेले होते. लेक तनुजा तेव्हा पोटात होती माझ्या. मी एकटी पैठणच्या यष्टीत बसले. तिसऱ्या दिवशी मी माघारी आले तर हे दारातच म्हणाले, "पहिला नंबर आला आपला."

५ नोव्हेंबर

गोकुळभाऊजी आले. ह्यांचे जुने मित्र, दोघांचा नाद एकच. म्हणाले, शर्यतींची सुरुवात चौदा डिसेंबरला, नगरहून. यंदा दादाचं काही खरं नाय, तर कबुतरं मी घेऊन जातो.

मला ठाऊक आहे कशाला. मोठं झालेलं कबूतर दुसऱ्याच्या गच्चीवरून शर्यत खेळत नाय, सोडलं की जुन्या घरीच येतं. भाऊजींना ती पिल्लं काढायला हवीत. म्हणजे जन्मभर जाळीत.

मी म्हणलं, राहू द्या, तयारी मी करते.

"वहिनी, बाईमाणसाला जमायचं नाय ते. पहाटं उठून पिंजरा घेऊन हिंडावं लागतं."

पहाटं उठायचं मला सांगतात.

कबुतरांची माया म्हणून म्हणलं नाय मी. ह्यांनी खाटेवर पडून बघावं म्हणून म्हणलं. एवढंच.

८ नोव्हेंबर

दाणे किती टाकायचे ते हे डाव्या हाताच्या बोटांनी सांगतात. मी ओंजळ भरली की मान हलवतात. कमी. अजून कमी. तयारीच्या दिवसांत पोट भरू द्यायचं नाय, म्हणजे लांब सोडलं तरी कुठं न रेंगाळता घरी येतात. संध्याकाळी घरी आलं की मगच बाजरी आणि मका.

बघून लग्नानंतरचं बरंच काही आठवलं.

१२ नोव्हेंबर

चितेगावला नेली. शेजारच्या आशाबाईंना ह्यांच्यापाशी बसवलं आणि पहिल्या यष्टीनं निघाले. दोन करंड्या, वरून जुनं लुगडं बांधलेलं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, तुमचं अर्धं तिकीट, पण ह्यांच्यात बाया किती अन् बाप्ये किती?" सगळी यष्टी हसली. मलाही हसू आलं, मी पदर लावला तोंडाला.

गावाबाहेर मोकळं रान बघून झाकण काढलं. एकदम अंगावरून गेली सगळी. वरती दोन फेऱ्या मारल्या आणि सरळ शहराकडं. मी तशीच वर बघत उभी. मान दुखायला लागली तेव्हा कळलं की तिथं आता काहीच नाय.

घरी आले तर आशाबाई म्हणाल्या, कधीच आली. हे खिडकीतून पंखांचा आवाज मोजत होते म्हणे. मला बघून बोटं दाखवली. पाच बोटं, पाच वेळा.

पाणी पिलीस का, बसलीस का जरा, असं काही नाय.

१९ नोव्हेंबर

बिडकीनला दोन गेली. शिकरा आला. सोडून चार मिनिटं झाली नव्हती. थवा फुटला, एक तर माझ्या डोळ्यांदेखत उचललं. दुसरं घरी आलंच नाय. ती पांढऱ्या पंखाची मादी, माझ्या हातावर बसून दाणे खायची.

घरी येऊन सांगितलं. ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं. दिवसभर माझ्या हातचा घास घेतला नाय, आशाबाईंच्या हातचा घेतला.

तीस वर्षांत ह्यांची किती गेली असतील. तेव्हा कुणाचं जेवण सुटलं नाय.

२० नोव्हेंबर

तेवीस राहिली. आज गच्चीवर बसून प्रत्येकाच्या पायातल्या कडीवरचा आकडा पाठ केला.

२४ नोव्हेंबर

पैठण. माझं माहेर, म्हणून मुद्दाम तिथं ठरवलं असं नाय. चितेगाव, बिडकीन, मग पैठण, एकाच रस्त्यानं लांब लांब न्यायची असतात. गोदावरीच्या काठाला सोडली. पाणी बघून बिचकली थोडी, मग वर गेली. पन्नास मिनिटांत तेवीसही घरी. आशाबाईंचा फोन आला तेव्हा मी गोजरकडं चहा पीत होते.

गोजर माझी धाकटी बहीण. तिचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली. पैठणीचे दोन माग आहेत, एक बंदच असतो. म्हणाली, "रत्ने, राहा की आठ दिवस. ह्या मागावर बसायला मला माणूस मिळंना." मी म्हणलं, घरी ह्यांना कोण बघणार. ती म्हणाली, "व्हय, ते हायेच."

परत येताना यष्टीत झोप लागली. पहिल्यांदा वाटलं, हे मला जमतंय. कुणी शिकवलं नाय तरी जमतंय. कोणतं कबूतर पुढं निघतं, कोणतं दुसऱ्याच्या मागं मागं येतं, सगळं ओळखू यायला लागलंय. सत्तावीस आकड्याची मादी नंबर काढणार. लिहून ठेवते.

२८ नोव्हेंबर

गोकुळभाऊजी शर्यतीचा फॉर्म घेऊन आले. मी म्हणलं, माझं नाव घाला. रत्नमाला.

ते हसले. "वहिनी, दादाच्या नावावर लोक वचकून असतात. अन् क्लबात बाया नसतात."

"तसा नियम हाय का?"

"नियम नाय. पद्धत हाय. दादालाच विचारा ना."

विचारलं. मला खरंच वाटलं होतं की हे हो म्हणतील. महिनाभर बघत होते ना खिडकीतून, मी कधी जाते, कधी येते, हाताला काय लागलंय. ह्यांनी डाव्या हातानं फॉर्म ओढून घेतला. नावाच्या रेघेवर बोट ठेवलं, तेच बोट स्वतःच्या छातीवर. मग माझ्याकडं बघितलं.

"नाय."

चार महिन्यांत ह्यांच्या तोंडून एक शब्द पुरा निघाला नव्हता. हा पुरा निघाला.

गोकुळभाऊजींनी ह्यांचं नाव लिहिलं. मी चहा टाकला. साखर जास्त पडली.

२९ नोव्हेंबर

आज सोडली नाय. उद्याही सोडणार नाय.

१ डिसेंबर

शिवराज आणि सून श्रेया आले. दोघांचं काम घरूनच चालतंय, महिनाभर राहणार. श्रेया चांगली पोरगी आहे. आल्या आल्या ह्यांची औषधं वेळेप्रमाणं लावली, मला म्हणाली, तुम्ही पडा जरा. शिवराजनं ह्यांची दाढी केली.

रात्री जेवताना त्याला नावाचं सांगितलं. तो म्हणाला, "आई, नाव कुणाचंही असू दे, घरचंच ना शेवटी. बाबांना तेवढंच तर राहिलंय."

माझं काय राहिलंय ते त्यानं विचारलं नाय. श्रेयानं ताटातून मान वर करून माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. 

४ डिसेंबर

हे तीन दिवसांपासून खिडकीकडं हात करतात. कबुतरं जाळीत बसून जड व्हायला लागलीत. शिवराज म्हणतो मी नेतो, पण त्याला करंडी धरता येत नाय, एकाचा पंख अडकवला.

शर्यतीच्या आधी एकदा लांबून सोडायलाच हवी, नाहीतर नगरहून निम्मी यायची नायत. त्यांचा काय दोष?

६ डिसेंबर

उद्या पैठणला नेते. शिवराजला सांगितलं. श्रेयाला ह्यांच्या पथ्याचं, मालिशच्या तेलाचं, रात्री कोणत्या कुशीवर वळवायचं ते सगळं परत एकदा सांगितलं. ती म्हणाली, "मला माहितीये हो आई, एका दिवसाचं तर आहे."

करंड्या धुतल्या. दोन लुगडी जास्तीची घेतली, वरून बांधायला. एवढी लागत नायत.

७ डिसेंबर, पैठण

आठ वाजून दहा मिनिटांनी सोडली. धुकं होतं थोडं, ते उठेपर्यंत थांबले. सत्तावीसची मादी सगळ्यांच्या पुढं.

नऊ वाजून पाच मिनिटांनी शिवराजचा फोन. "आई, तेवीसच्या तेवीस आली. बाबा हातानं खुणा करून विचारतायत, किती वाजता सोडली?"

मी म्हणलं, आठ दहा.

तो तिकडं सांगत होता, हे काहीतरी हसल्यासारखा आवाज काढत होते. मग तो म्हणाला, "लई खूश झालेत बाबा. बरं, ठेवतो."

साडेनऊची यष्टी गेली. साडेदहाचीही गेली. गोजरनं विचारलं, कितीच्या गाडीनं जाणार? मी म्हणलं, आधी दुसरा माग झटकून घेऊ.