पाण्याच्या ट्यूबमध्ये मी कसा सापडलो

तीर्थरूप ताईस,

शिरसाष्टांग नमस्कार. (खरोखरीचा घालणार होतो, पण या खोलीत पलंग आणि कपाट यांच्यामध्ये माझी आठांपैकी पाचच अंगं मावतात.) भावजींची पाठ कशी आहे? भाचीची परीक्षा झाली असेल, पासही झाली असेल आणि नेहमीप्रमाणे मला कळवायचं राहिलं असेल. मी ठणठणीत आहे. वजन तेवढं वाढलंय, कारण एकट्यापुरता स्वयंपाक मला अजून जमत नाही आणि उरलेलं टाकवत नाही.

तू सगळ्यांना सांगत फिरतेस की माझा भाऊ मोठा शास्त्रज्ञ आहे, ते आधी थांबव. आमची प्रयोगशाळा सामायिक आहे. म्हणजे जनुकं वाचायचं यंत्र इतकं महाग, की सगळे विभाग मिळून एकच घेतात आणि त्याच्याजवळ एक माणूस बसवतात. तो माणूस मी. लोक बाहेरच्या फ्रिजमध्ये आपापल्या नमुन्यांच्या ट्यूब ठेवून जातात, वेळ संगणकावर ठरते, निकाल ईमेलने जातो. व्यवस्था अशी चोख, की मला भेटायची कुणाला गरजच पडू नये. माणसं मी ट्यूबवरच्या अक्षरावरून ओळखतो. एक बेडूकवाल्या बाई आहेत, अक्षर मोत्यासारखं. एक गवतवाले सर आहेत, त्यांचं अक्षर पाहून वाटतं गवतानेच लिहिलंय. दोघांनाही मी अजून पाहिलेलं नाही. (एकदा जिन्यात एका बाईंकडे बघून हसलो, म्हटलं बेडूकवाल्या असतील. त्या हिशेब विभागाच्या निघाल्या आणि त्यांनी माझं ओळखपत्र मागितलं.)

तर झालं असं. दर खेपेला आम्ही एक ट्यूब नुसत्या पाण्याची लावतो. तिच्यात काहीही सापडता कामा नये. सापडलं तर कुठून तरी घाण शिरली असं समजायचं. गेल्या महिन्यात त्या पाण्यात माणूस सापडला. बेडकांत सापडला. गवतातही सापडला. बेडूकवाल्या बाईंनी दोन ओळींचा थंडगार ईमेल पाठवला. गवतवाले सर मात्र हरखून गेले; आपल्या गवतात माणसाचं जनुक निघालं म्हणजे आता बक्षीस घेतानाच्या भाषणाला कोट कुठला घालायचा, एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे उरला होता. शेवटी आमच्या मॅडमनी (यंत्रांच्या प्रमुख, कडक, पण वाईट नाहीत) ते कर्मचाऱ्यांशी ताडून पाहिलं. अशाच प्रसंगासाठी आम्हा सगळ्यांची जनुकं नोंदवून ठेवलेली असतात. तो माणूस मी निघालो. ताई, मेल्याहून मेल्यासारखं झालं गं!

त्याचं असं आहे, की ट्यूब लावताना मी बोलतो. यंत्राशी. आधी नुसतं "चल बाई, हो सुरू" एवढंच होतं. मग हवापाण्यावर आलो, मग घरमालकावर, मग भावजींच्या पाठीवर. ते निमूट ऐकतं, मधूनच घुर्र करतं आणि आपली रडगाणी सुरू करत नाही. (हा टोमणा तुला नाही.) आणि बोलताना मी मास्क हनुवटीवर ओढायचो, कारण तोंडावर फडकं बांधून आपल्या माणसाशी कोण बोलतं? झालं, सगळी थुंकी ट्यूबमध्ये.

मॅडमनी विचारलं, आत बोलत कोणाशी होता? आता यंत्राशी म्हणून कसं सांगणार! तोंडातून निघून गेलं, बहिणीशी. फोनवर. रोज करते ती. (आत फोन नेणं हा त्याहून मोठा गुन्हा, पण त्या क्षणी तोच बरा वाटला.) माझी रवानगी भांडारात व्हायची होती, पण मॅडम एकदम मऊ पडल्या. म्हणाल्या, नशीबवान आहात. तिला सांगा, जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलावरच्या फोनवर कर. यंत्राजवळ तोंड उघडायचं नाही. तेव्हापासून त्या मला सुट्टीत फोनशेजारी बसवतात, आणि तो मेला वाजत नाही. सबबी म्हणून तुझा घसा बसवून झाला, घरी पाहुणे आणून झाले, काल तर मी तुझ्याकडची फोनची तारच तोडली. आता त्या माझ्याकडे बघतात ते काही बरं नाही. फोनबद्दल थापा मारणारा निकालांबद्दलही मारेल, असं त्यांच्या मनात आलं की यंत्र गेलंच हातातून. मग भांडारात मी बोलणार कोणाशी, खोक्यांशी?

असो. विशेष काही नाही, सहज लिहिलं. भावजींना नमस्कार, भाचीला पापा (निकाल बघून लहान किंवा मोठा).

तुझा धाकटा,
मशीनवाला

ता. क. : सोमवारी दीड वाजता फोन कर. नंबर पाकिटावर आहे. मॅडम उचलतील. रोजचाच फोन असल्यासारखी बोल, "कित्ती दिवसांनी रे!" म्हणून गळा काढू नकोस. माझ्या प्रत्येक मेसेजला तू अंगठा पाठवतेस त्याबद्दल आभारी आहे, पण अंगठा मॅडमना ऐकू येत नाही.

ता. क. २ : काय बोलायचं याची काळजी नको. फोन माझ्या हातात दिला की मॅडम सभ्यपणे बाहेर जातील. त्या गेल्या की तुझं काम झालं, खुशाल ठेवून दे.

ता. क. ३ : ठेवू नकोस गं लगेच.