स्वयंपाकघरातली सेमिनरी

३ सप्टेंबर

चि. धाकट्यास अ. उ. आ.

आधी खुर्चीत बस, मग पुढचं वाच. ख्रिस्ती पाळक घडवणारी आमची सेमिनरी बंद झाली. निमित्त गळक्या छपराचं. खरं म्हणजे विद्यार्थीच तीन उरले होते. त्यांना घरी पाठवायचा ठराव प्रेस्बिटरीच्या, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चच्या, सभेत आला, आणि सगळे पाळक, मंडळ्यांचे सगळे वडीलधारी हात वर करायला निघाले. मला राहवेना. इतकी वर्षं पाळकांच्या शिक्षणाचा इतिहास शिकवते, तो काय फळ्यावरून पुसून टाकायला? उभी राहिले आणि म्हटलं, सेमिनरी नव्हती तेव्हाही आपल्याला पाळक होतेच ना? ते जुन्या पाळकाच्या घरी राहायचे, त्याच्याच टेबलाशी हिब्रू-ग्रीक घोकायचे, त्याच्यामागून आजाऱ्यांकडे जायचे, आणि मग याच सभेपुढे परीक्षा द्यायचे.

अध्यक्ष हसून म्हणाले, बाई, असं घर दाखवा. मार्चच्या परीक्षेपर्यंत आम्ही थांबतो.

मी तुझं घर सांगितलं, तूही पाळकच की.

तुला विचारलं नाही, कबूल. विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास. तिघं सोमवारच्या बसने निघतील. मला इथल्या ग्रंथालयाची आवराआवर आहे. इतिहासाचे धडे टपालाने पाठवीन. वहिनीला तूच सांग, माझी छाती होत नाही.

घाईत लिहितेय, अक्षराला हसू नकोस. माया आहेच.
तुझी ताई

१९ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न. वि. वि.

हिने तीन दिवस तुझं नाव टाकलं होतं. चौथ्या दिवशी हिनेच स्वयंपाकघरातल्या डब्यांवर हिब्रू क्रियापदं चिकटवली. आता मीठ हवं असेल तर आधी रूप चालवून दाखवावं लागतं. परवा बिनमिठाचं जेवलो, यावरून काय ते ओळख.

तुझे तिघे म्हणजे रत्नं आहेत. एक आधी बस चालवायचा, म्हणून तो आमचा ड्रायव्हर; तो चर्चमध्ये बसस्टॉप पुकारावेत तसं प्रवचन करतो. मागच्या बाकावरच्या बहिऱ्या आजोबांनी आयुष्यात पहिल्यांदा सगळं ऐकलं. लांबू बँकेतली नोकरी सोडून आला, पण कुणाच्या घरी जायचं म्हटलं की घामाघूम होतो. आणि दवाखान्यात नर्स होती ती नर्सबाई! काचकारखान्यातला एक कामगार गेला. मी त्याच्या बायकोसाठी बायबलमधली वचनं शोधत बसलो, तर ही सरळ आत गेली, मुलांना जेवू घातलं आणि मग म्हणाली, आता प्रार्थना करा. लांबू दारातून बघत होता. दुसऱ्या दिवशी तो आपणहून एकटा त्या घरी जाऊन आला. हे कुठल्या वर्गात शिकवणार, सांग!

माझ्या हिब्रूला मात्र गंज चढलाय. चुकलो की नर्सबाई हळूच खोकते. घरात दिवसभर खोकला चालू आहे.

धडे पाठव, आणि असाच जीव लाव.
तुझा धाकटा

२ फेब्रुवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

घोटाळा झाला रे. परीक्षकांत चाळणी आहेत! हो, आपण चाळणी म्हणायचो तेच म्हातारे पाळक, ज्यांच्या हिब्रूच्या परीक्षेतून खडाच काय, पीठही खाली पडत नाही. ते भर सभेत म्हणाले, बाईंनीच सांगितलंय की पूर्वी शिष्यांआधी सभा गुरूला तपासायची. मग आताही तपासू. माझंच व्याख्यान माझ्याच गळ्यात! नाही कोणत्या तोंडाने म्हणू?

म्हणजे हिब्रूची परीक्षा तुलाही आहे, तीही सगळ्यांसमोर. रागाव, पण अभ्यास कर. देव तुझ्या पाठीशी आहे, आणि वहिनीचे डबे आहेत.
तुझी घाबरलेली ताई

११ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू तापाने अंथरुणावर, म्हणून सगळं सविस्तर लिहितो. तिघंही पास! ड्रायव्हरचं ग्रीक काठावर, लांबूचं चोख. नर्सबाईच्या प्रवचनानंतर तर अध्यक्षांनी स्वतः उठून तिला पाणी दिलं.

आणि मी नापास. एका स्तोत्रात असा अडकलो, की चाळणींनी शेवटी तोच प्रश्न नर्सबाईला विचारला. तिने माझ्याकडे बघितलं, डोळे पुसले, आणि अचूक उत्तर दिलं. ताई, शरमेने मान खाली जायला हवी होती. मी मात्र टाळी वाजवून बसलो.

तिघांना वेगवेगळ्या चर्चच्या मंडळ्यांची बोलावणी आधीच आली होती, म्हणून पाळकपदाची दीक्षा तिथेच झाली. तिघं गुडघ्यांवर बसले. पाळक डोक्यांवर हात ठेवायला पुढे झाले, आणि मी मागेच राहिलो. नापास माणसाने कसं जावं? तेवढ्यात चाळणींनी माझं मनगट धरलं आणि गुरगुरले, हिब्रूत नापास झालात, हात काही मोडला नाही. माझा हात त्यांनीच नर्सबाईच्या डोक्यावर ठेवला आणि त्यावर स्वतःचा ठेवला.

तिघांकडे बघून सभेने घर चालू ठेवायला सांगितलंय. नवे पाच येताहेत. हिब्रू शिकवायला चाळणी स्वतः बिछाना घेऊन राहायला येणार आहेत, आणि पहिल्या बाकावर मी बसायचं, ही त्यांची अट आहे. हिने खोली झाडायला घेतली.

लवकर बरी हो. नापास भावावरही तुझी माया अशीच राहू दे.
तुझा धाकटा