फोडलेली फरशी

नार्वे, १९८८

आईंस नमस्कार,

चार महिने झाले, लेकीकडे मयेला जाऊन बसलात, आणि इथे माणसं मलाच विचारतात, "सासूक घालवलंस गे?" मी कुठे घालवलं? नव्या फरशीवर टाचा दुखतात असं तुम्ही रोज म्हणत होता. "राणीसाहेबांना गालिचा घालू काय?" एवढंच मी बोलले. एवढंच नव्हे. ढोंग करता, असंही म्हणाले.

आता पन्नाशीत माझ्याही टाचा धरल्यात. सकाळी पाय टेकला की खिळा टोचल्यासारखं होतं. तुमचे चिरंजीव म्हणतात, "फरशी पुसायचा कंटाळा, दुसरं काय!" तेव्हा तुमचा उतरलेला चेहरा आठवला.

तुम्ही निजता त्या कोपऱ्यातली फरशी मी फोडून टाकली. माती घालून चोपली, शेणानं सारवली. रविवारपर्यंत सुकेल.

तुम्हांला वाचता येत नाही, कुंदावन्संच वाचून दाखवणार. त्यांच्या तोंडून माझी चूक निघायला नको, म्हणून हे पत्र तीन दिवस तांदळाच्या डब्यात पडून होतं. आज ही ओळ लिहून टपालात टाकते. तरी येता की नाही, ते सोमवारपर्यंत कळवा.

तुमची सून,
सत्यवती