सुनेनं जायचं कुठं

मंगळ. ४ मे १९७१, कोल्हार
दोन वर्षांत गावातली ही तिसरी सून विहिरीत गेली. पोलीसपाटलांनी वहीत पुन्हा तेच लिहिलं: पाय घसरून. मी तोंडावर विचारलं, "पाटील, या गावात सुनांचेच पाय बरे घसरतात! सासवांना काय मांजरीचे पाय आहेत?"
"बाई, तुमी आता रिटायर झाल्या. घरी बसा, पेपर वाचा."
तीस वर्षं मुलींच्या शाळेची हेडमास्तरीण होते. बसणार नाही. चौथी होऊ द्यायची नाही.

शुक्र. ७
शाळेत सभा. फळ्यावर माझ्या कॉन्व्हेंटच्या वळणदार अक्षरात: 'आत्महत्या टाळण्यासाठी महिलांची सभा'. एकही बाई फिरकली नाही. पुरुष आले. विहिरीला कठडा नि जाळी बसवायचं ठरलं. बसवा, लवकर बसवा. पण घराचं काय?

शनि. ८
बांगडीवाली जैतूनबी आली. डोक्यावरची पेटी उतरवायच्या आधीच मला फैलावर घेतलं. "त्या सभंला जी बसंल तिला सासू इचारंल, तुला काय कमी हाय म्हून गेल्तीस? लई शिकल्या तुमी, पर एवढं न्हाई कळलं?" मग म्हणाली, शेवया करायला बोलवा. शेवयांना कुणी अडवत नाही.
राग आला. माझाच.

बुध. १२
शेवया. चौदा जणी, त्यात सासवाही. व्याख्यान, भित्तिपत्रकं असा माझा कागद तयार. पारूबाईंनी (सत्तरी, चार सुना) तो पिठाच्या परातीखाली सारला. "भाषान नगं. सुनंनं रुसून जावं कुठं, ते सांगा."
माहेरी? मुराळी न्यायला आल्याशिवाय एकटी गेली, तर बाप संध्याकाळच्या एस.टी.नं परत धाडतो. म्हणजे गावातच एक दार हवं. ते माझं. निमित्त शेवया, कुरडया, काहीही. आणि कान जैतूनबीचे. प्रत्येक सुनेचा हात तिच्या हातात येतो. शंका आली तर सरळ विचारायचं, मरावंसं वाटतं का.
एक जण घाबरली: "मरायचं इचारलं तर डोक्यात भरंल की!"
जैतूनबी: "मी एकीला इचारलं. घटकाभर रडली, मग च्या प्याली."

शनि. १५
भर दुपारी जैतूनबी धापा टाकत. पाटलांची धाकटी सून कुसुम म्हणाली म्हणे, "नव्या बांगड्या कशाला भरता मावशी, वाया जातील."
तडक पाटलांकडे. सासूला सांगितलं, कुरडयांना हात कमी पडतात, कुसुमला द्या. स्वयंपाकघरात बसवून सरळ विचारलं: "जीव द्यायचा विचार येतो का गं?"
"व्हय."
मग चुलीकडं तोंड करून: "पोर गेलं तवापासून घरात रडू देत न्हाईत. अपशकुन म्हनत्यात."
इथं रड, म्हटलं. इथंच राहा.

रवि. १६
डॉक्टरीणबाई पाहून गेल्या. एकटी सोडू नका, म्हणाल्या. मागोमाग पाटील. "माझ्या घरची अब्रू चव्हाट्यावर आणता?"
"तुमची अब्रू आत निजली आहे. हळू बोला."

सोम. १७
कुसुमपाशी जैतूनबीला बसवून संगमनेरला तिच्या माहेरी. बाप म्हणतो, "रीतीनं नागपंचमीला मुराळी धाडू." अजून दोन महिन्यांवर! "तोवर काय लेकीला बरणीत मुरत घालू?" तिचा भाऊ मागं उभा. निघताना त्यानं माझ्या घराचा पत्ता विचारला.

बुध. १९
भाऊ अजून नाही. आज नेणारच, असा पाटलांचा निरोप. आले तेव्हा ओट्यावर पारूबाई नि चौघी डाळ पाखडत बसलेल्या. मी बोलावलं नव्हतं.
"पाटील, सूप आडवं हाय. वलांडू नका, लक्षुमी हाय."
पाटील तणतणत परतले. सूप किती दिवस पुरणार?
कुसुमची सासू मात्र मागच्या दारानं आली. सुनेची वेणी घालून गेली. हे कुणी ठरवलं नव्हतं.
संध्याकाळी रोजचा प्रश्न. आज कसं वाटतंय? जगावंसं?
"आज न्हाई सांगता येत, बाई. उद्या इचारा."
विचारीन.